दर गोळीमागे एक वाक्य

आज खंडेनवमी. सकाळपासून घरातलं सगळं लोखंड अंगणात आणून मांडलं आहे. विळे, कोयते, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, वखराची पास, आणि रांगेच्या शेवटी एका फडक्यावर ते लांब नळीचं पिस्तूल. शेजारी जवसाच्या तेलाची वाटी आहे. विळ्या-कोयत्यांना हात भरभरून तेल चोळलं, फाळालाही लावलं, पण पिस्तुलाजवळ वाटी नेली नाही. सोळा वर्षं झाली, या घरात जवसाचं तेल पिस्तुलाच्या आसपास फिरकत नाही. त्याला कारण मीच आहे.

यंदा हळदकुंकू लावायला कोणी नाही. मी लावायचं नाही हे ठरलेलंच आहे. विधवेनं लोखंड घासावं, तेल लावावं, झेंडूची फुलं तोडून आणावीत आणि पूजेच्या वेळी बाजूला सरकावं. दरवर्षी मामंजी पाटावर बसायचे आणि चाचपडत एकेका विळ्याला बोटं लावायचे. मामंजी म्हणजे माझे सासरे. ते चैत्रात गेले. त्यामुळे आज विळे कोरड्या कपाळानं बसले आहेत आणि त्यांच्यासमोर मीही तशीच बसले आहे.

परवा कारंज्याच्या ठाण्यातून शिपाई येऊन गेला. माणूस चांगला होता. ओसरीवर बसून ताक प्यायला आणि मग जरा संकोचून म्हणाला, "बाई, लायसन तुमच्या सासऱ्याच्या, बापूसायबाच्या नावचं होतं. आता दसरा झाला का पिस्तूल ठाण्यात जमा कराव लागते." मी म्हटलं, करते जमा. जाता जाता त्यानं विचारलं, "तुमाले चालवता येते काय थे?" मी हो म्हटलं तर हसला. मला राग आला, पण नेम दाखवायला कारतूस खर्च करायची माझी तयारी नव्हती. लढाईच्या वर्षांत कारतुसं मिळेनाशी झाली, तेव्हापासून आम्ही जपून जपून वापरत आलो. आता डब्यात एकच उरलं आहे.

आमच्या धनजला दसऱ्याच्या सुमारास हवा बदलते. ज्वारीची कणसं दाणा धरतात, वाऱ्याला कोरडा, गोडसर वास येतो, पऱ्हाटीवर पहिली बोंडं फुटलेली असतात. पोपटांचे थवे शेतावर उतरतात आणि राखणदाराच्या एका हाळीसरशी उठतात. लोकांना हे दिवस भरल्या घरासारखे वाटतात. मला ते तसे वाटत नाहीत. माणूस गेल्यावर पहिला सण येतो तेव्हा कसं होतं ते ज्याचं त्याला ठाऊक. माझ्यावर ती पाळी पुन्हा आली आहे, आणि या खेपेला घरात दुसरं कोणीच नाही.

ते वर्षही असंच दसऱ्याच्या तोंडावर सुरू झालं होतं.

माझे यजमान मामंजींचे एकुलते एक. नागपूरला कॉलेजात असताना त्यांना नेमबाजीचा नाद लागला. गावात येऊन तरण्या पोरांना नेम शिकवायचा, त्यासाठी एक लहान बोअरचं पिस्तूल घ्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. मामंजींचं लायसन होतं, पण एकाचंच. म्हणून नागपूरच्या दुकानदाराकडून त्यांनी दोन पिस्तुलं पसंतीवर मागवली. दोन्ही चालवून पाहायची, एक ठेवायचं, आणि संक्रांतीनंतर दुकानदाराचा माणूस येईल त्याच्या हाती दुसरं परत द्यायचं. श्रावणात पिस्तुलं आली. ह्यांनी दोन संध्याकाळी दोन्ही चालवली आणि आधी मामंजींना, मग मला सांगितलं, "दुसरंच ठेवू. तेच चांगलं." भाद्रपदात त्यांना ताप भरला. पंधरा दिवसांत सगळं संपलं. आमच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मी वीस वर्षांची होते.

तेरावं झाल्यावर माझा भाऊ मला न्यायला निघाला. त्यात वावगं काही नव्हतं. मूल नाही, बाळ नाही, सासू माझ्या लग्नाआधीच गेलेली. घरात एक सासरा आणि गेनाबाई नावाची एक म्हातारी, तीही ठार बहिरी. अशा घरात मी कोणासाठी राहायचं? पण मला जायचं नव्हतं. कारंज्याला भावाच्या घरात माझ्यासाठी जागा होती ती स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, आणि तिथल्या कोणी ह्यांना नीट पाहिलंही नव्हतं. इथं निदान ह्यांचा सदरा खुंटीवर होता. हे मी कोणाला सांगणार? खाली मान घालून गाठोडं बांधत होते, तेवढ्यात ओसरीवरून मामंजींचा आवाज आला. ते भावाला म्हणत होते, "काम हाय तिचं इथं. पोट्ट्यानं अर्धवट सोडलेलं काम हाय. थे सरलं का न्या. संक्रांतीले या."

कसलं काम, ते मला माहीत नव्हतं. दोन दिवसांनी कळलं, तेही बैलाकडून.

हे जरा नीट सांगायला हवं, नाहीतर आजच्या मुलींना खोटं वाटेल. आमच्याकडे सून सासऱ्याशी बोलत नसे. समोर आली तर डोक्यावरून पदर, आणि काही सांगायचंच झालं तर तिसऱ्याच्या तोंडून. सासूला सांगायचं, तिनं त्यांना सांगायचं. सासू नव्हती. गेनाबाईला सांगायला गेलं तर ती "काय वं?" करत कानाला हात लावायची, आणि तोवर सांगायची गोष्ट सबंध गल्लीला कळलेली असायची. अंगणात कडुनिंबाखाली हरण्या बांधलेला असे. म्हातारा बैल. औताला जुंपायचं वय गेलं होतं, पण मामंजींनी त्याला बाजार दाखवला नाही. लग्न होऊन मी आले तेव्हापासून मामंजी मला जे काही सांगत ते हरण्याला सांगत. "हरण्या, आज पाव्हणे हायेत दोन." मी चुलीपाशी ऐकायची आणि दोन भाकरी जास्त थापायची. माझं काही असलं तर मीही हरण्याच्या वैरणीपाशी जाऊन बोलायची. "हरण्या, तेल सरलं." संध्याकाळी तेल घरात यायचं.

त्या दिवशी मामंजी हरण्याच्या पाठीवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. जवळचं धूसर दिसे, लांबचं अजिबात नाही. डोळे गेले तसं नाक तिखट झालं होतं. पोत्यात हात न घालता, नुसत्या वासावर ते सरकीला ओल लागल्याचं सांगत. ते म्हणाले, "हरण्या, पोट्ट्यानं दोन पिस्तुलं आणली. कोणतं ठेवाव थे पाहाव लागते. माह्या डोळ्याले कागद दिसत नाही. घरात डोळे कोणाले हायेत?" हरण्या रवंथ करत राहिला. ह्यांनी आपली निवड आधीच सांगून ठेवली होती, पण ती आठवण मी काढली नाही. घरात डोळे मलाच होते.

अशी मी नेमबाज झाले.

दोन्ही पिस्तुलं बावीस बोअरची. गोळी करंगळीच्या पेरापेक्षा लहान. गावातले लोक हसायचे, याच्यानं तर होल्यासारखं पाखरूही मरत नाही, म्हणायचे. त्यांना कोण समजावणार की हे मारायचं हत्यार नव्हतं, हात आणि डोळा जुळवायचं होतं. पहिलं लांब नळीचं. मधून मोडायचं, एक कारतूस घालायचं, मिटायचं, मारायचं, परत मोडायचं. वजन सगळं पुढे, त्यामुळे नळी डोलायची नाही, पण हात लवकर भरून यायचा. दुसरं आखूड आणि चपटं, मुठीतच दहा कारतुसांचं घर. एक उडालं की रिकामं टरफल आपणच बाहेर फेकायचं आणि पुढचं आपणच आत ओढायचं. मूठ अशी बेतलेली की माझ्या लहान हातातही नीट बसे. झटका दोन्हींचा नावालाच. ह्यांना दुसरं का आवडलं ते मला पहिल्याच दिवशी कळलं. त्यात एक तरतरी होती, त्यांच्यासारखीच.

खळ्यामागे नाल्याची उंच दरड होती. तिथं तुराट्यांची ताटी उभी करून त्यावर जुन्या वर्तमानपत्राचा कागद ज्वारीच्या खळीनं चिकटवायचा. कागदावर वाटी उपडी ठेवून कोळशानं वर्तुळ काढायचं. वीस पावलांवरून मारायचं. मामंजी हरण्याचं दावं धरून तिथंही घेऊन यायचे, कारण त्याच्याशिवाय शिकवायचं कसं?

"हरण्या, तिले सांग, कोपर वाकवू नोको. वाकलं का गोळी डावीकडं जाते."

मी कोपर ताठ करायची. गोळी उडायची. पोपट उठायचे.

"हरण्या, इचार तिले, कुठं गेली?"

मी कागदापर्यंत जाऊन पाहायची आणि परत येऊन हरण्याला सांगायची, "हरण्या, मामंजीले सांग, वर गेली, दोन बोटं."

"हरण्या, मंग दम कायले सोडला तिनं मधातच?"

मानोऱ्याकडच्या तांड्यावरून कापूस वेचायला बाया यायच्या. ओटीत कापूस भरलेला, अंगावर आरशांच्या कांचोळ्या. शेताच्या धुऱ्यावर उभ्या राहून त्या हा तमाशा बघायच्या आणि तोंडात पदर घालून हसायच्या. त्यांच्यातली एक धीट बाई एकदा मला म्हणाली, "बाई, नेम तुमी धरता, शिकून तं बैल राह्यला!" मीसुद्धा हसले. ह्यांच्या मागं पहिल्यांदाच. आणि हसल्यावर लगेच अपराधी वाटलं.

तर मला पहिलं पिस्तूल आवडायला लागलं ते नेमामुळे नव्हे. त्यात एका वेळी एकच गोळी. ती उडाली की थांबावं लागे, कागद पाहावा लागे, सांगावं लागे, आणि मामंजींना काहीतरी बोलावं लागे. म्हणजे दर गोळीमागे एक वाक्य. दुसऱ्यात दहा गोळ्या लागोपाठ उडायच्या आणि सगळ्यांमागे मिळून एकच वाक्य यायचं. उरलेल्या दिवसात माझ्याशी कोण बोलत होतं? सकाळी गेनाबाईच्या खाणाखुणा, दुपारी चूल, संध्याकाळी कावळे. बायका हळदीकुंकवाला बोलवीनाशा झाल्या होत्या, विहिरीवर मी गेले की गप्पा थांबायच्या. बैलाला उद्देशून का असेना, पण ते वाक्य माझ्यासाठी असे. मी त्याच्यासाठी भुकेली असायची. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते खरं.

मग खंडेनवमी आली आणि माझ्या हातून ते झालं.

आमच्या घरची रीत अशी, की नवमीला घरातल्या प्रत्येक लोखंडाला जवसाचं तेल लागलं पाहिजे. पावसाळ्याचा गंज त्यानं धरत नाही, आणि लाकडी दांडे चिरत नाहीत. पिस्तुलं पहिल्यांदाच पूजेत बसणार होती. ह्यांची वस्तू म्हणून मी त्यांचं जरा जास्तच केलं. विळ्यांना वरून लावलं, पण पिस्तुलांना कोंबडीच्या पिसानं आतपर्यंत तेल पाजलं. लांब नळीचं मोडून, आखूड खेचून, जिथं जिथं फट दिसली तिथं तिथं. ह्यांच्या ट्रंकेत एक लहान बाटली होती, तीच पिस्तुलाच्या तेलाची हे मला काय ठाऊक! मी ती औषधाची समजून बाजूला ठेवली होती. मामंजींनी चाचपडत दोन्हींना हळदकुंकू लावलं. क्षणभर नाकाशी बोटं नेली आणि काही न बोलता पुढच्या विळ्याकडे वळले.

जवसाचं तेल पातळ राहत नाही, सुकता सुकता चिकट होत जातं. हे मला विळ्यांवरून ठाऊक असायला हवं होतं. चार-सहा दिवसांत दुसरं पिस्तूल रुसलं. एक गोळी उडाली की टरफल अर्धवट बाहेर येऊन अडकायचं. वरचा भाग मागं जायचा तो तिथंच राहायचा. कधी पुढची गोळी आतच येईना. लांब नळीच्याला काहीच झालं नाही. त्यात हलायला होतंच काय? मोडा, घाला, मिटा. जरा जड मोडायचं, एवढंच.

"हरण्या, आज काय झालं त्याले?" मामंजी विचारायचे.

"हरण्या, मामंजीले सांग, टरफल अटकलं."

"हरण्या, तिले म्हण, उद्या पाहू. थंडीनं होत असन."

ते का अटकतं ते मला आठवड्याभरात कळलं. कोयत्याच्या मुठीवरचं तेल बोटाला चिकटलं, आणि बोट तसंच धरून मी अंगणात उभी राहिले. एवढं सोपं होतं. हरण्यापाशी जाऊन एक वाक्य बोलायचं. रॉकेलनं धुतलं की दोन दिवसांत पिस्तूल ठणठणीत झालं असतं. पण मी ते वाक्य बोलले नाही.

का बोलले नाही, ते मी स्वतःपासून कधी लपवलं नाही. दुसरं पिस्तूल बरं झालं की तपासणी संपणार. तपासणी संपली की काम संपलं, आणि काम संपलं की भाऊ बैलगाडी घेऊन दारात. जोवर ते अटकत होतं तोवर मामंजी "उद्या पाहू" म्हणत होते, आणि मी प्रत्येक उद्यावर जगत होते. दिवाळी गेली. ज्वारी कापली, कडब्याच्या पेंढ्या रचल्या, खळ्यावर मळणी झाली. तुरी फुलल्या आणि शेंगा धरून वाळायला लागल्या. आम्ही रोज दुपार कलली की दरडीपाशी जायचो. लांब नळीच्या कागदांची चळत वाढत गेली, भोकं वाटीच्या आत येत गेली. दुसऱ्याच्या कागदांवर एक-दोन भोकं, बाकी कोरे. मामंजींना कागद दिसत नसत, म्हणून ते बोटानं भोकं शोधत. कोऱ्या कागदावरून त्यांचं बोट फिरायचं तेव्हा मी दुसरीकडे बघायची. नेम कुठं गेला हे मी त्यांना कधी खोटं सांगितलं नव्हतं. जे सांगायचं होतं तेवढंच गिळत होते.

कधी कधी वाटायचं, मी ह्यांच्याशी दावा साधते आहे. माणूस गेला, आणि त्याची एवढीशी आवड राहिली होती जगात, 'दुसरंच ठेवू', तीही मी खोटी पाडते आहे. तसं वाटलं की त्या दिवशी घास उतरायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा दरड, पुन्हा ते वाक्य, पुन्हा गप्प.

संक्रांत चार दिवसांवर आली. भावाचं पत्र आलं, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी येतो. नागपूरच्या माणसाचंही त्याच सुमाराला येणं होतं. त्या दुपारी खळ्यात ऊन चांगलं पडलं होतं. मामंजींनी दोन्ही चळती समोर मागवल्या, कागद एकेक करून बोटांनी पाहिले आणि बाजूला ठेवले. मग हरण्याच्या कपाळावर हात ठेवून म्हणाले, "हरण्या, आता इलाज नाही. त्या माणसाले दुसरंच वापस द्याव लागन. लोक म्हणतीन, पोट्ट्याले पारख नव्हती. म्हणू दे त्यायले."

'म्हणू दे' ऐकलं आणि माझ्यानं राहवलं नाही. ज्या बापानं मुलाच्या चितेसमोर डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता, तो माझ्या गप्प बसण्यापायी मुलाला बोल लावून घ्यायला तयार झाला होता. मी हरण्याला ओलांडून पुढे झाले. पदर खांद्यावर आला होता, तो मी सावरलाही नाही.

"मामंजी, त्यायची निवड चुकली नाही. माह्या हातानं झालं. नवमीले मी जवसाचं तेल लावलं. आतपर्यंत."

माझा आवाज मलाच परका वाटला. त्या घरात त्यांच्याशी थेट बोललेलं माझं ते पहिलं बोलणं. आता ते काठी उचलतील, नाहीतर आजच गाडी जुंपतील, असं मला वाटलं.

मामंजींनी हरण्याचं कपाळ खाजवलं. मग मान न वळवता म्हणाले, "मले मालूम हाय."

मी मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

"जवसाचा वास लपते काय? नवमीलेच आला मले. वाटलं, पिस्तूल अटकलं का तू सांगशीनच."

"मंग तुमी काहून नाही सांगतलं?"

त्यांचे ते पांढुरके डोळे माझ्याकडे वळले. त्यांना माझी आकृती दिसत असेल, चेहरा नाही. म्हणाले, "सांगतलं असतं तं काम सरलं असतं, सूनबाई. मंग तुले न्याले आले असते."

खळ्यावर कोणी नव्हतं. मी तिथंच मटकन खाली बसले आणि रडले. ह्यांच्या वेळी चार लोकांत रडले होते ते निराळं. हे माझं होतं. मामंजी हरण्याचं दावं हातात घेऊन उभे राहिले. ना जवळ आले, ना लांब गेले.

त्याच संध्याकाळी परातीत रॉकेल ओतून त्यांनी पिस्तुलाचे भाग चाचपत चाचपत सुटे केले आणि मी ते फडक्यानं पुसले. ह्यांच्या ट्रंकेतली बाटली आणून दिली, त्यांनी वास घेतला आणि थेंब थेंब लावलं. दुसऱ्या दिवशी मी त्यातून दहा गोळ्या मारल्या. एकही अटकली नाही. नऊ वाटीच्या आत, एक काठावर. लांब नळीच्यानं इतक्या दिवसांत एवढं कधी साधलं नव्हतं. मामंजींनी कागद हातात घेतला, त्या दहा भोकांवरून बोटं फिरवली आणि पुन्हा फिरवली. मोतीबिंदूच्या डोळ्यांतूनही पाणी येतं, ते मी तेव्हा पाहिलं.

"बरोबर होतं पोट्ट्याचं," ते म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून विचारलं, "तुले कोणतं ठेवाव वाटते?"

आयुष्यात मला कोणी कधी असं विचारलं नव्हतं, ना माहेरी, ना सासरी. मी म्हटलं, "लांब नळीचं."

"काहून? चांगलं तं दुसरं हाय."

खरं कारण मी कसं सांगणार? म्हटलं, "त्याच्यावर शिकाले बरं हाय."

ते जरा हसल्यासारखे झाले. "मंग शिकणं सरलं नाही म्हणा."

भाऊ आला तेव्हा त्यांनी त्याला तेच सांगितलं. "शिकणं सरलं नाही तिचं." भाऊ चिडला. सासऱ्याच्या घरी विधवा बहीण पिस्तूल शिकते म्हणजे कारंज्यात तोंड कुठं दाखवू, म्हणाला. तिळाचे लाडू खाऊन, गाडी रिकामी घेऊन परत गेला. नागपूरचा माणूस ह्यांच्या आवडीचं पिस्तूल पेटीत घालून घेऊन गेला. पेटी बंद होताना मी आत निघून गेले होते.

यापुढं आम्ही दोघं मोकळेपणानं बोलायला लागलो असं कोणाला वाटेल. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या डोक्यावर पदर होता आणि ओसरीवरून आवाज आला, "हरण्या, तिले सांग, आज तूर सोंगाले जा लागते." जणू मधे काही झालंच नव्हतं. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण जरा बरंही वाटलं. थेट बोलण्याचं ओझं दोघांनाही पेलणारं नव्हतं.

चार वर्षांनी हरण्या गेला. मामंजींनी त्याला नाल्याकाठी पुरलं. पुढे आठ दिवस घरात शब्द नव्हता. नवव्या दिवशी कडुनिंबाखालच्या रिकाम्या खुंट्यापाशी जाऊन ते उभे राहिले आणि म्हणाले, "हरण्या, तिले म्हण, चहात साखर जास्त पडली." मी चुलीपाशी बसून हसत हसत डोळे पुसले. तेव्हापासून आमचा कारभार खुंट्यावर चालला. गेनाबाई गेली, लढाई आली, कारतुसं संपत आली, वर्षाला दोन-चार मारायची, त्या निमित्तानं दरडीपर्यंत चालायचं. याला सुख म्हणावं का, मला ठरवता येत नाही. दोन एकटी माणसं एका छपराखाली राहत होती आणि मधे एक खुंटा होता. इतरांच्या घरांत याहून जास्त असतं. माझ्या घरात एवढं होतं, आणि आता तेही नाही.

चैत्रात मामंजींनी अंथरूण धरलं. त्यांची बाज कडुनिंबाखाली टाकली होती. शेवटच्या दुपारी त्यांनी पाणी घेतलं नाही. खुंट्याकडे हात केला आणि म्हणाले, "हरण्या, तिले सांग, जेवून घे." मी जेवले. जेवून हात धुऊन आले तोवर ते गेले होते.

आता ऊन कललं आहे. विळे उचलून ठेवले. पिस्तूल पुसलं, बाटलीतला शेवटचा थेंब लावला, डब्यातलं ते एकुलतं कारतूस घेतलं आणि खळ्यामागे गेले. ताटी आता नाही, दरडीतच कागद खोचला. वाटीनं वर्तुळ काढलं. वीस पावलं मोजली. मोडलं, घातलं, मिटलं. दम धरला. गोळी उडाली, पोपट उठले आणि लांबच्या बाभळीवर जाऊन बसले.

सवयीनं मी थांबले. थांबूनच राहिले.

मग कागद काढून घेतला आणि घरी आले. अंगणात कडुनिंबाखालच्या खुंट्यापाशी उभी राहिले, पदर डोक्यावर घेतला आणि म्हटलं, "हरण्या, मामंजीले सांग, डावीकडं गेली. कोपर वाकलं होतं."